जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय आरोग्य विभाग

अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाचा पदव्युत्तर अध्यापन व संशोधनाचा विभाग. स्थापना १९६१, संस्थापक डॉ. कार्ल टेलर. मूळ विद्यालय रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीतून १९१६ मध्ये उभे राहिले. २००१ पासून ते देणगीदार मायकेल ब्लूमबर्ग यांच्या नावाने ओळखले जाते.

लिव्हरपूल (१८९८) आणि लंडन (१८९९) इथल्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळा साम्राज्याच्या गरजेतून निघाल्या. वसाहतींत जाणाऱ्या डॉक्टरांना हिवतापाची ओळख करून देणे हे त्यांचे काम. बॉल्टिमोरची सुरुवात घरच्याच दुखण्यापासून झाली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमी या आतड्यातल्या जंतांविरुद्ध मोहीम चालवताना रॉकफेलरच्या विक्लिफ रोझ यांना आरोग्यखात्यासाठी शिकलेली माणसेच मिळेनात. रोझ आणि विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांनी १९१५ मध्ये स्वतंत्र विद्यालयाचा आराखडा मांडला आणि वेल्चच पहिले प्रमुख झाले. वर्ग भरले ते १९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात असताना. पहिल्या पिढीत साथरोगशास्त्राचे वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट आणि जीवनसत्त्वांवर काम करणारे एल्मर मॅकॉलम होते. भर प्रयोगशाळेवर आणि आकडेवारीवर होता.

टेलर यांचा पिंड वेगळा. मिशनरी डॉक्टर आईवडिलांच्या पोटी ते हिमालयाच्या पायथ्याशी वाढले आणि पुढे लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी काम केले. कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना कसे बळ देतात यावर स्क्रिमशॉ आणि गॉर्डन या संशोधकांसह त्यांनी लिहिलेला ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. विभागाची खरी शाळा मात्र लुधियाना जिल्ह्यातल्या नारंगवाल गावी होती. तिथे परिचारिकांच्या दर्जाच्या कार्यकर्त्या घरोघर जात आणि न्यूमोनिया झालेल्या बाळाला डॉक्टरची वाट न पाहता पेनिसिलिन देत. १९७४ मध्ये हा प्रकल्प बंद झाला.

याच विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र कलकत्त्यात होते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस तिथे गेले. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. केंद्राच्या ग्रंथालयात बसून कर्मचाऱ्यांनी दर लिटर पाण्यामागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा मिश्रणाच्या पिशव्या भरल्या आणि तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली.  छावणीतली पाजण्याची जबाबदारी बहुतेक रुग्णांच्या नातेवाइकांवरच होती. त्या उपचाराखाली मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. आपल्याकडे घराघरांत माहीत असलेल्या जलसंजीवनीची ही मोठी परीक्षा होती.

विद्यालयाचे पुढचे अधिष्ठाते डी. ए. हेंडरसन (१९७७–९०) देवी निर्मूलनाची मोहीम पार पाडून आले होते. त्यांच्यानंतर आलेले आल्फ्रेड सॉमर मूळचे नेत्रतज्ज्ञ. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात वर्षातून दोनदा 'अ' जीवनसत्त्वाची कॅप्सूल दिल्याने बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, हा त्यांचा निष्कर्ष १९८६ चा. रातांधळेपणा पाहायला गेलेला माणूस बालमृत्यूपाशी पोहोचला, हे या विभागाच्या स्वभावाला धरूनच झाले.

महाराष्ट्राशी विभागाचा संबंध विद्यार्थ्यांमधून जुळला. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना दिसले की, बरे होऊन गेलेली माणसे त्याच आजाराने पुन्हा दारात येतात. रजनीकांत बॉल्टिमोरला टेलर यांच्या हाताखाली शिकले आणि १९७० मध्ये दोघांनी जामखेडला प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेली, बहुधा अक्षरओळख नसलेली बाईच तिथे आरोग्य कार्यकर्ती झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका संकलनात जामखेडवर प्रकरण आहे. तीन वर्षांनी कझाकस्तानातल्या अल्मा-आताला प्राथमिक आरोग्यसेवेचे घोषणापत्र निघाले. त्याच्या तयारीत टेलर यांचा सहभाग होता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून पदवी घेऊन परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम उभे केले. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटभर श्वास मोजावे लागतात, आणि मोजदाद अनेक सुईणींना अवघड जाई. मग लाकडी चौकटीत मणी ओवून त्यांच्या हाती दिले गेले आणि सोबत मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर आलो, तर बाळाला न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी लाल मणी सहावा, मोठ्या मुलांसाठी पाचवा. ३९ गावांतल्या घरोघरच्या नवजात सेवेने नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ पासून केंद्र सरकारने हीच घरभेटीची पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांकडे सोपवली.