सूर्यग्रहण आणि आयनांबर

चंद्राची सावली जमिनीवर दिसते, पण तिचा मोठा परिणाम घडतो तो डोक्यावर, आयनांबरात. सुमारे ६० किमी उंचीपासून वर पसरलेल्या वातावरणाच्या या विद्युतभारित भागात सूर्याचे क्ष-किरण व अतिनील किरण रेणूंमधून इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि ते पुन्हा आयनांना जाऊन मिळतात. ग्रहणात ही तोड मंदावते, जोड मात्र चालूच राहते.

सर्वांत खालचा डी थर लगेच विरळ होतो. दिवसा रेडिओच्या मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) शोषतो तो हाच. रात्री रेडिओवर दूरची केंद्रे लागतात ती तो नसल्यामुळे. म्हणून ग्रहणमार्गाच्या आसपास ती भरदिवसाही थोडा वेळ ऐकू येऊ शकतात. त्यावरचा ई थर सावलीच्या मागोमाग क्षीण होतो, पण नाहीसा होत नाही. तेथील इलेक्ट्रॉन घनता साधारणपणे किरणांच्या तीव्रतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते: किरण चौथाईवर आले तर घनता निम्मी होते. शिवाय खग्रास स्थितीतही सूर्याचा किरीट, म्हणजे त्याभोवतीचे विरळ वातावरण (करोना), उघडाच असतो, आणि क्ष-किरणांचा व अतिनील किरणांचा काही वाटा तेथून येतच राहतो. सर्वांत वरचा एफ२ थर तर हट्टीच. तेथे जोड सावकाश होते आणि वारे, विद्युतक्षेत्रे व चुंबकीय बलरेषांवरून होणारी कणांची वाहतूक यांचेच अधिक चालते. त्यामुळे घनतेचा नीचांक ग्रहणमध्यानंतर येतो. ग्रहणाला ‘छोटी रात्र’ म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे.

आयनांबर घडवते कोण, अतिनील किरण की सूर्याकडून येणारे कण, हा वाद १९३०च्या सुमारास जोरात होता. कण प्रकाशापेक्षा खूप हळू येत असल्याने त्यांचे ग्रहण दृश्य ग्रहणाच्या सुमारे दोन तास आधी लागायला हवे, असे गणित ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी मांडले. (वेधच म्हणायचे!) ३१ ऑगस्ट १९३२ रोजी कॅनडातून दिसलेल्या खग्रास ग्रहणात ई थराची घनता दृश्य ग्रहणाबरोबरच घटली आणि कौल किरणांच्या बाजूने लागला.

सावली ध्वनीपेक्षा वेगाने धावते. तिच्या थंडाव्यामुळे होडीच्या नाळेपुढे उठतात तशा लाटा वातावरणात उठाव्यात, असे भाकीत १९७०मध्ये झाले होते. २१ ऑगस्ट २०१७च्या अमेरिकेतील ग्रहणात जीपीएस संकेत टिपणाऱ्या यंत्रांच्या दाट जाळ्याने आयनांबरात तशा लाटा टिपल्या.

भारतातले महत्त्वाचे उदाहरण १५ जानेवारी २०१०च्या कंकणाकृती ग्रहणाचे. ते ऐन दुपारी केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण टोकावरून, चुंबकीय विषुववृत्तालगत (जेथे पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर असतात) गेले. तेथे साधारण १०५ किमी उंचीवर दिवसा पूर्वेकडे वाहणारा विद्युतप्रवाह, म्हणजे विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट, त्या दिवशी उलटा, पश्चिमेकडे वाहताना आढळला. इस्रोने १४ व १५ जानेवारीला थुंबा आणि श्रीहरिकोटा येथून रोहिणी हे वातावरणाचे वेध घेणारे अग्निबाण सोडले, म्हणजे ग्रहण नसलेल्या दिवसाशी तुलना करता यावी. उलट्या प्रवाहाचे सारे श्रेय सावलीला देता येत नाही. सूर्यग्रहण अमावास्येलाच येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्रामुळे वातावरणात येणारी भरतीही ग्रहणाविना हा प्रवाह उलटवू शकते.