शोगायाकी आणि बुतादोन: सामान तेच, ताट वेगळं

डुकराच्या मांसाचे पातळ काप, सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साके (तांदळाची दारू), चमचाभर साखर. ओट्यावर एवढंच मांडलेलं असेल तर रात्री जेवायला शोगायाकी (आल्याच्या रसातलं मांस) आहे की बुतादोन (भातावर वाढलेलं मांस), हे सांगता येणार नाही; दोन्ही जपानी पदार्थ. फोटोंतही दोन्ही सारखेच दिसतात: तपकिरी, चकाकणारं मांस आणि शेजारी भात. म्हणून बरेच जण शोगायाकी करतात, भातावर ओततात आणि बुतादोन म्हणून वाढतात. चवीला ते वाईट लागत नाही, पण ते बुतादोन नव्हे. जपानमध्ये त्याला सरळ शोगायाकी-दोन म्हणतात (जपानीत ‘दोन’ म्हणजे भातावर काही वाढलेला वाडगा).

पहिला फरक आल्याचा. शोगायाकीत आलं म्हणजे सगळं काही. बुतादोनच्या मूळ पद्धतीत त्याला जागाच नाही. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आणि तो सहसा नजरेतून सुटतो: रस मांसाला कधी भेटतो आणि भाताशी त्याचं नातं काय. शोगायाकीत रस शेवटच्या मिनिटाला तव्यात पडतो, पातळच राहतो, आणि भात वेगळ्या वाडग्यात असतो. बुतादोनमध्ये रस आधीच आटवून ठेवायचा आणि तो मांसाइतकाच खालच्या भातासाठीही असतो. म्हणूनच तो जास्त गोड आणि जास्त खारट लागतो. नुसता खाऊन पाहिला तर तोंड वाकडं होईल.

शोगायाकी हे जपानी घरांतलं आणि साध्या खाणावळींतलं रोजचं जेवण. ताटात मांस, धाग्यासारखा चिरलेला कच्चा कोबी, बाजूला भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप आणि थोडं लोणचं. कोबी शोभेला नसतो. मांसाचा रस त्याच्यावर ओघळतो आणि निम्मा कोबी त्या रसातच खाल्ला जातो. चिरल्यावर पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून नीट निथळला की तो कुरकुरीत राहतो.

चार माणसांना ४०० ग्रॅम मांस पुरे. लॉइनचे म्हणजे पाठीकडच्या भागाचे, साधारण ३ मिलिमीटर जाडीचे काप हवेत. प्रत्येक कापाच्या कडेला चरबीची पांढरी पट्टी असते. ती आणि मांस यांच्यामध्ये चिवट शीर असते, तिला सुरीच्या टोकाने तीन-चार ठिकाणी छेद द्या. हे केलं नाही तर तव्यावर पडताच काप वाटीसारखा वळतो आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही. मग कापांवर मैदा किंवा बटाट्याचा स्टार्च अगदी हलका भुरभुरायचा. त्याने रस मांसाला धरून राहतो आणि वेगळा दाटपणा आणावा लागत नाही.

रसासाठी ३ मोठे चमचे सोया सॉस, ३ मिरिन, २ साके आणि मोठा चमचाभर किसलेलं आलं, रसासकट. हे वाटीत कालवून तव्याशेजारी तयार ठेवा, कारण पुढचं काम चार-पाच मिनिटांचं आहे. तवा चांगला तापवा, थोडं तेल घाला, काप एकावर एक न चढवता पसरा. खालची बाजू खरपूस होईपर्यंत हलवू नका. उलटा, दुसरी बाजूही धरू द्या, कुठेही गुलाबी दिसू नये. तव्यात जास्तीचं तेल साठलं असेल तर कागदाने टिपून घ्या, नाहीतर रस तेलावरच तरंगत बसतो. आता वाटी ओता. सळसळ आवाज येईल, बुडबुडे आधी मोठे आणि पातळ, मग लहान आणि जाड होतील. जाड झाले की गॅस बंद.

मांस आधी मुरवायचं की नाही, यावर जपानी घरांतही एकमत नाही. मी न मुरवणाऱ्यांच्या बाजूची आहे. आल्यात प्रथिनं तोडणारं झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं. पंधरा-वीस मिनिटांत ते मांस छान मऊ करतं, पण रात्रभर ठेवलं तर पातळ काप लिबलिबीत होतात. शिवाय मुरवलेलं मांस ओलं असतं, ते तव्यावर भाजलं जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजतं, आणि पाणी आटेपर्यंत मिरिनमधली साखर करपायला लागते. आणखी एक युक्ती: थोडं किसलेलं आलं राखून ठेवून अगदी शेवटी घाला. उष्णतेने आल्याचा तिखटपणा मवाळ होतो, शेवटी घातलेलं आलं मात्र नाकाला जाणवतं.

बुतादोनचं गाव ओबिहिरो, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या तोकाची भागातलं. वसाहतकार योदा बेन्झो १८८३ साली आपल्या लोकांना घेऊन तिथे आला आणि डुकरंही घेऊन आला, त्यामुळे त्या भागात डुकराचं मांस जुनं. १९३३ साली तिथल्या पांचो या खानावळीत हा पदार्थ सुरू झाला. कल्पना उनागीच्या कबायाकीवरून आली, म्हणजे गोड्या पाण्यातल्या वाम माशाला सोया-साखरेचा घट्ट रस लावून निखाऱ्यावर भाजायची रीत. उनागी महाग आणि डुकराचं मांस हाताशी, तेव्हा तोच रस मांसाला लावला आणि मांस भातावर ठेवलं. ही वंशावळ लक्षात ठेवली की बुतादोनमध्ये आलं का नाही, काप जाड का, आणि कोळशाचा वास एवढा का हवा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

घरी कोळसा कुठून आणणार? जाड बुडाचा तवा किंवा ग्रिल पॅन चालतो. इथे काप अर्ध्या सेंटिमीटरचे घ्या. दुसऱ्या भांड्यात सोया सॉस, मिरिन आणि साखर प्रत्येकी ४ मोठे चमचे, साके २ चमचे, मंद आचेवर पातळ पाकासारखं होईपर्यंत आटवा. मांस कोरडंच भाजा, कडा थोड्या काळ्या होऊ द्या. मग प्रत्येक काप त्या रसात बुडवून पुन्हा तव्यावर टाका, दोन्ही बाजूंना काही सेकंद. रस मांसावर चिकटून भाजला गेला पाहिजे, तव्यात साचता कामा नये. वाडग्यातल्या गरम भातावर आधी चमचाभर रस, मग मांस एकमेकांवर रचून, वर काही मटारदाणे किंवा कांद्याच्या पातीचा पांढरा भाग बारीक चिरून.

गोंधळात भर घालणारा तिसराही एक आहे. अमेरिकेत गायींना मॅड काऊ रोग सापडल्यावर डिसेंबर २००३ मध्ये जपानने तिथलं गोमांस बंद केलं. ग्युदोन म्हणजे गोमांस-भात विकणाऱ्या योशिनोया या जपानी खानावळ-साखळीने फेब्रुवारी २००४ मध्ये ग्युदोन थांबवून त्याजागी डुकराचं मांस आणलं, आणि त्यालाही बुतादोनच म्हटलं. ते कांद्याबरोबर पातळ रस्सेदार शिजवलेलं असतं, भाजलेलं नाही. घाईच्या दिवशी तेही वाईट नाही, पण ओबिहिरोच्या माणसासमोर दोन्ही एकच आहेत असं म्हणू नका.

मग रात्री साडेआठला, मुलं भुकेली असताना काय करायचं? मी शोगायाकी म्हणेन. रस आटवायचा नाही, दुसरं भांडं नाही, आणि कोबीच्या निमित्ताने पोरांच्या पोटात भाजी जाते. बुतादोनचा रस मात्र फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतो. रविवारी करून ठेवला तर मधल्या वारी बुतादोनही तितक्याच वेळात होतो.

आपल्याकडे पातळ काप आयते मिळणं अवघड. मांसाचा तुकडा तासभर फ्रीझरमध्ये घट्ट करून घ्या, मग धारदार सुरीने हवे तितके पातळ काप निघतात. काळपट, दाट डार्क सोया इथे नको, रंग फार गडद होतो. मिरिन नसेल तर साधी पांढरी वाइन आणि थोडी साखर. भाताला बासमती टाळा, दाणे सुटे राहतात आणि रस तळाशी जातो. इंद्रायणी उत्तम, चिकट आणि मऊ, बुतादोनला तर फारच शोभतो. शोगायाकीला आंबेमोहरही चालेल, भात वेगळाच असतो.

उरलं तर दुसऱ्या दिवशीच्या डब्यात शोगायाकीच द्या. जपानी डब्यांतही ती हमखास असते आणि गार झाली तरी आल्यामुळे जड वाटत नाही. बुतादोन गार झाला की चरबी पांढरी गोठते आणि भात रस पिऊन गच्च होतो, त्यामुळे तो जेवढा लागेल तेवढाच करा.