तलावात मरळ सोडायची आयडिया आली कुठून?

ठाण्यातला मासुंदा तलाव असो, उपवन असो की कचराळी, पाणी हिरवं पडलं की मरळ सोडा हा सल्ला कुठून तरी येतोच. हिशोब असा की मरळ बारीक मासे खाणार, ते कमी झाले की पाण्यातले सूक्ष्म प्राणी वाढणार आणि ते शेवाळ खाऊन टाकणार. हे सगळं थंड देशांतलं. १९६०च्या सुमारास युरोपातल्या तळ्यांवर अभ्यास झाला, १९७५ ला अमेरिकेत या पद्धतीचं बारसं झालं, पुढे पाइकसारखे शिकारी मासे सोडून बरेच प्रयोग झाले.

आपल्याकडे मात्र मासे सोडले ते भलत्याच कामासाठी, डासांच्या अळ्या खायला. गप्पी आधीच आला होता, १९२८ मध्ये गॅम्बुसियाही आणला, मलेरियाने माणसं मरत होती तेव्हा पाण्याच्या रंगाची कोणाला पडली होती, ते ठीकच. पण १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातला एक प्रयोग छापून आला, छोट्या तळ्यांत गॅम्बुसिया सोडला तर सूक्ष्म प्राणी जवळपास संपले आणि शेवाळ माजलं. म्हणजे मरळीने जे करायचं त्याच्या बरोब्बर उलट. तरी हे मासे सोडणं काही थांबलं नाही. विहिरीत, टाकीत सोडा ना, पण अख्ख्या तलावात कशाला? मला तरी पटत नाही. डासवाले म्हणतात डासांनी माणसं आजारी पडतात, शेवाळाने सहसा कोणी पडत नाही, त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा.

त्यात १९५२ ला तिलापिया मासा आला. अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा वितो, मरळीने खाऊन खाऊन किती खायचं? आणि शिकारीच हवा म्हणून आफ्रिकन मांगूर सुचवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यावर २००० पासून बंदी आहे.

गेल्या वीसेक वर्षांत उष्ण भागातल्या उथळ तलावांवर काम झालं त्यात हेच निघालं, बारीक मासे जवळपास वर्षभर वितात, त्यामुळे सूक्ष्म प्राण्यांतले जरा मोठे असतात ते टिकतच नाहीत. चीनमधल्या हुइझोऊ शहरातल्या तलावातून आधी मासे काढले, पाण्याखालच्या वनस्पती लावल्या आणि शिकारी मासेही सोडले, पाणी नितळ झालं, पण सूक्ष्म प्राण्यांचा त्यात फारसा हात नव्हता, बरंचसं काम वनस्पतींनी केलं. आपल्याकडे मरळीवर तासभर वाद घालतील, वनस्पतींचं नाव कोणी काढत नाही, आणि लावायच्या म्हटल्या तरी गढूळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोचायला हवं ना.