शैक्षणिक परिचय व संकेतस्थळ साधने

प्राध्यापक, संशोधक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यांचा बायोडेटा व वैयक्तिक संकेतस्थळ एकाच माहितीवरून तयार करणाऱ्या संगणकप्रणाली. शोधनिबंध, परिषदा, प्रकल्प यांची नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकदाच करायची. छापायची पीडीएफ आणि वेबपाने प्रणाली त्यावरून बनवते.

याचा पाया जुना आहे. डोनाल्ड नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लेख मांडण्यासाठी लाटेक रचले आणि १९८५ च्या सुमारास ओरेन पटाश्निक यांचे संदर्भसूची बनवणारे बिबटेक आले. संकेतस्थळाची बाजू जेकिल (२००८) आणि ह्यूगो (२०१३) या संकेतस्थळ बनवणाऱ्या साधनांनी सांभाळली. ही साधने तयार पाने काढून देतात, त्यामुळे डेटाबेस लागत नाही आणि गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर ती पाने फुकट ठेवता येतात. जेकिलवरील अल-फोलिओ हा साचा बिबटेकचीच फाइल वाचून प्रकाशनांची यादी मांडतो.

२००४ साली एका जिल्ह्यापुरत्या स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाच्या (आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) परिसरात ही गरज बहुधा पदोन्नती आणि नॅक (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी परिषद) यांच्या निमित्ताने जाणवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत एका शोधनिबंधाला विज्ञान शाखांत ८, तर भाषा व मानव्यविद्यांत १० गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के. अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि सहलेखकांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे लेखकांचा क्रम नोंदीत अचूक हवाच. नॅकचे तक्ते मात्र एक्सेलमध्ये मागतात आणि ते ही साधने आपणहून भरत नाहीत.

खरी अडचण नावांत येते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. तसेच्या तसे बिबटेकमध्ये उतरवले, तर ते शेवटचा शब्द आडनाव समजते आणि यादीत वडीलच लेखक होऊन बसतात! आडनावानंतर स्वल्पविराम दिला की काम भागते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांचे निबंध दोन नावांत विभागले जातात. त्यासाठी २०१२ पासून मिळणारा, संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी ऑर्किड क्रमांक उपयोगी पडतो. अल-फोलिओतही स्वतःची एकाहून अधिक आडनावे नोंदवता येतात.

मराठी विभागांना आणखी एक पायरी चढावी लागते. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या टंकांतील फाइली आधी युनिकोड या प्रमाण संकेतप्रणालीत आणाव्या लागतात, आणि देवनागरी पीडीएफसाठी लाटेकची झीलाटेक किंवा लुआलाटेक ही रूपे वापरणे सोयीचे. बायोडेटा यॅमल या साध्या मजकुराच्या मांडणीतील फाइलमध्ये ठेवणाऱ्यांनी ओळ आत सरकवण्यासाठी टॅब वापरू नये. सोलापुरात डाळिंब संशोधन चालते. तिथल्या कुणी ‘डाळिंबावरील तेल्या: निदान व उपाय’ असे शीर्षक अवतरणचिन्हांशिवाय लिहिले, तर अपूर्णविरामानंतरच्या जागेपाशी प्रणाली अडते आणि पान तयारच होत नाही. नवख्या माणसाचा निम्मा वेळ अशा चुका शोधण्यातच जातो.

महाविद्यालयाच्या सर्व्हरवरचा पत्ता बदली किंवा निवृत्तीनंतर टिकेलच असे नाही. स्वतःचे डोमेन घेणे म्हणूनच शहाणपणाचे. त्याचे नूतनीकरण मात्र मुदतीत करावे लागते.