खाकरून खाकरून घसा साफ होत नाही

आमचे आजोबा ओसरीवर आले की एकदा खाकरायचे, की आत आईला कळायचं मामंजी आले, पदर सावरा, चहा टाका. तेव्हा ती डोअरबेल होती. मी खाकरलो की मात्र लोक वळून बघतात. परवा नाटकात ऐन शांततेत माझा घसा सुरू झाला, तर पुढच्या काकूंनी मागे न बघताच खोकल्याची गोळी हातात ठेवली. कोविडपासून लोकलमध्ये शेजारचा सरकून बसतो, ऑफिसच्या कॉलवर निम्मं लक्ष म्यूटच्या बटणावर, आणि घरी बायको म्हणते, "अरे एकदाचं काय ते काढून टाक ना!"

काढणार काय? ईएनटीवाल्यांनी कॅमेरा घालून बघितलं, कफ नव्हताच. सुरुवात सर्दी, ॲसिडिटी किंवा रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळीनेही होते (गोळी मनानेच बंद करू नका), पण पुढे गाडी आपोआप चालते. खाकरताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटून घासतात, त्याने सूज येते, वर चिकट थर येतो, मेंदूला वाटतं काहीतरी अडकलंय, की परत खाकरा.

यातली मला आवडणारी भानगड एटीपीची. शाळेत शिकलो ना, पेशीतलं एनर्जीचं चलन, तेच. पेशी दुखावली की हा एटीपी बाहेर सांडतो आणि तिथे तो चलन नाही, धोक्याची घंटा असतो. घशातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या टोकांवर पी२एक्स३ नावाची दारं असतात, एटीपी चिकटला की ती उघडतात, सोडियम-कॅल्शियम आत घुसतं आणि मेंदूकडे सिग्नल. हे सारखं होत राहिलं की नर्व्ह हळवी होते, मग एसीची हवा, अत्तर, नुसतं बोलणंही पुरतं. ही दारं बंद करणारं गेफापिक्संट नावाचं औषध जुनाट खोकल्यासाठी जपानमध्ये २०२२ मध्ये मंजूर झालं, पण जिभेच्या चवीच्या नर्व्हवरही तसलीच दारं, त्यामुळे बऱ्याच जणांची चवच बिघडते.

शेजारच्या आजींनी माझी मीठमोहरीने दृष्ट काढली. व्हॉट्सॲपवर 'सात दिवसांत कफ मुळासकट बाहेर'वाला काढा आलाय, आधी कफ तर असू दे. आवाज तीन आठवडे बसलेला असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा रक्त पडत असेल तर मात्र डॉक्टरकडे लगेच जा.

मला स्पीच थेरपिस्टने सांगितलंय, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा, नाहीतर जोरात आवंढा गिळायचा, स्वरतंतूंना आपटू द्यायचं नाही. म्हणून बाटली घेऊन फिरतो. आता ऑफिसात विचारतात, शुगर निघाली का?