जेमे परिसरातील मठजीवन

इजिप्तमध्ये लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर इ. स. सहाव्या ते आठव्या शतकात नांदलेली कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधील स्थानिक ख्रिस्ती मठांची वस्ती. जेमे हे गाव मेदिनेत हाबू येथे, तिसऱ्या रामसेस या फारोच्या (प्राचीन इजिप्तच्या राजाच्या) मंदिराच्या कोटात वसले होते. मठ मागच्या डोंगरातील जुन्या थडग्यांत व ओस मंदिरांत होते. संन्यासी ‘वाळवंटात’ राहत असे म्हटले जाते. इथे मात्र गाव चालत तासाभराच्या आत होते.

पोटापाण्याचे साधन मुख्यतः हातकाम. शेख अब्द अल-कुर्ना टेकडीवरील एपिफेनियसच्या मठात जमिनीत खणलेले मागांचे खड्डे सापडले. विणकर कडेला बसून पाय खड्ड्यात सोडी. खजुराच्या पातींचे दोर, टोपल्या व चटयाही होत. पाती आधी भिजवावी लागे, कोरडी वळताना तुटते. आठव्या शतकात अमेनेमोपे या फारोकालीन वजिराच्या थडग्यात राहणारा फ्रांगे हा संन्यासी प्रेताला गुंडाळायच्या पट्ट्या विणी आणि पुस्तकांचेही काम करी. त्याची शेकडो पत्रे उरली आहेत. पपायरस (पाणवनस्पतीपासून केलेला कागद) महाग, म्हणून रोजचा मजकूर फुटक्या खापरांवर व चुनखडीच्या कपच्यांवर काजळीच्या शाईने लिहीत. ओल लागली की अक्षरे जातात.

या खापरांवर गावाचे अवघे जगणे आहे: धान्याची मागणी, उंटाचे भाडे, आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती, तुरुंगातल्या कर्जदाराची रदबदली. कर वा कर्जापायी पळालेल्याला ‘परत ये, तुला त्रास देणार नाही’ असे देवाच्या नावाने अभयपत्र मिळे. ते गावचे अधिकारी देत, पण मिळवून देण्यात संन्याशांचा शब्द उपयोगी पडे. अर्थात अभय बहुधा मर्यादित असे. ठरलेला कर भरावाच लागे.

याच डोंगराच्या पायथ्याशी देर अल-बहरी येथे हत्शेपसुत या राणी-फारोच्या मंदिरात संत फोइबाम्मोनचा मठ होता. इ. स. ६००च्या सुमारास जवळच्या हर्मोन्थिस नगराचा बिशप अब्राहम तिथूनच कारभार पाही. त्याने मठ आपल्या शिष्याला मृत्युपत्राने दिला. मृत्युपत्र ग्रीकमध्ये असल्याने ते अब्राहमला इजिप्शियन भाषेत समजावून सांगावे लागले. मठ ही वारसाने जाणारी मालमत्ता होती, हे यावरून स्पष्ट दिसते.

आठव्या शतकातील मुलांची दानपत्रे याच मठाची. मूल आजारी पडे, आईबाप नवस बोलत, बरे झाल्यावर ते मठाला देत. झाडलोट, पाणी शिंपडणे, दिव्याची देखरेख ही त्याची कामे. मोठेपणी बाहेर राहिल्यास कमाईतून मठाला देणे लागे. करार मोडणाऱ्याला सोन्यात दंड लिहिलेला असे. ही भक्ती की गरिबी, यावर अभ्यासकांत वाद आहे, बहुतेक दोन्ही.

कालनिर्णय मात्र अवघड आहे. बऱ्याच लेखांत फक्त १५ वर्षांच्या करचक्रातील वर्ष असते. चक्र कितवे, ते लिहिलेले नसते. मग ओळखीच्या लेखनिकाचे वा साक्षीदाराचे नाव शोधावे लागते. एपिफेनियसचा मठ १९१२–१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने खणून नोंदवला. फोइबाम्मोनचा मठ मात्र १९व्या शतकात फारोकालीन मंदिर मोकळे करताना पाडला गेला, त्यामुळे त्याची मांडणी जुन्या नोंदींवरून जुळवावी लागते.