सायीखालची सहा वर्षे

माझ्या एका नातेवाइकांकडे दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात पांढऱ्या वाइनची एक बाटली बारा वर्षे उभी होती. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ या विश्वासाने ती एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवली होती. मुलीच्या साखरपुड्यानंतर ती उघडली तेव्हा बूच मधोमध तुटले, पेल्यात कोऱ्या चहाच्या रंगाचा द्रव पडला आणि त्याला कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आला. बुचातून हवा शिरली आणि वाइन बिघडली, हे निदान बरोबरच होते. बहुतेक पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत संपवण्यासाठीच बनवलेल्या असतात. परंतु हवा वाइनची शत्रूच असते, असा जो निष्कर्ष त्या दिवशी सर्वांनी काढला, तो मला अपुरा वाटतो. पिंप मुद्दाम अर्धवट रिकामे ठेवून, सहा वर्षे हवेच्या सान्निध्यात मुरवलेली पांढरी वाइन जगात आहे आणि तिच्या पिंपात जे घडते, ते माझ्या मते सूक्ष्मजीवशास्त्रातल्या अतिशय सुंदर घटनांपैकी एक आहे.

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत झ्युरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे साव्हान्यँ जातीच्या द्राक्षांपासून ‘व्हँ जोन’, म्हणजे शब्दशः ‘पिवळी वाइन’, तयार होते. शातो-शालाँ या टेकडीवरच्या गावाचे नाव तिच्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. एरवी लाकडी पिंपातली वाइन बाष्पीभवनाने कमी होते तशी वरून नवी वाइन ओतून पिंप काठोकाठ भरलेले ठेवतात. व्हँ जोनच्या बाबतीत ही भर घालायचीच नाही, असा नियम आहे. द्राक्षतोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत ती मुरलीच पाहिजे आणि त्यातले किमान ६० महिने तिने पृष्ठभागावर धरणाऱ्या यीस्टच्या सायीखाली काढले पाहिजेत. एवढ्या काळात एका लीटरमधली जेमतेम ६२ सेंटिलीटर वाइन उरते असे तिथे मानतात, म्हणून तिची बाटलीही तेवढ्याच मापाची, ठेंगणी आणि रुंद खांद्यांची असते. तिला क्लाव्हलँ म्हणतात.

आधी कपाटातल्या बाटलीत काय झाले ते पाहू. हवेतला ऑक्सिजन अल्कोहोलवर थेट फारसा परिणाम करू शकत नाही. वाइनमध्ये लोहाचे अत्यल्प अंश असतात. त्यांच्या मदतीने ऑक्सिजन प्रथम द्राक्षातल्या पॉलिफेनॉल संयुगांचे ऑक्सिडीकरण करतो. त्यातून क्विनोन तयार होतात, ज्यांच्यापासून पुढे तपकिरी रंग येतो, आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. हे पेरॉक्साइड लोहाशी भिडले की हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील घटक जन्मतो, आणि तो अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड करून टाकतो. काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास मुख्यत्वे या ॲसिटाल्डिहाइडचा असतो. या साखळीवर कुणाचेही नियंत्रण नसते; ऑक्सिजन मिळत राहिला की ती चालू राहते.

झ्युरामधल्या पिंपात मात्र मध्ये एक सजीव उभा असतो. पाव फुगवणारे आणि द्राक्षरसाची वाइन करणारे यीस्ट ज्या प्रजातीचे, त्याच प्रजातीचे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचे, काही वाण इथे काम करतात. रसातली साखर संपली की सामान्य यीस्टची उपासमार होते आणि ते गाळ होऊन तळाशी बसते. या वाणांना मात्र पिंपातही अल्कोहोलवरच जगत राहता येते. साखरेचे किण्वन, म्हणजे आंबणे, ऑक्सिजनविना होऊ शकते, परंतु अल्कोहोल पचवायला ऑक्सिजन हवाच, आणि तो तर वर, पिंपाच्या रिकाम्या भागात असतो. म्हणजे जगायचे असेल तर पेशीला वर येणे भाग आहे. आणि यीस्टला पोहता येत नाही.

ही अडचण सोडवली आहे पेशीच्या आवरणावरच्या फ्लो-११ नावाच्या प्रथिनाने. साखर संपल्यावर या प्रथिनाचे उत्पादन वाढते, पेशीचा पृष्ठभाग पाण्याला दूर सारणारा बनतो आणि पेशी एकमेकींना चिकटू लागतात. त्यांच्या गुंत्यात कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे अडकतात आणि तो सारा पुंजका तराफ्यासारखा वर येतो. असे असंख्य पुंजके जोडले जाऊन पृष्ठभागावर करड्या-पांढऱ्या रंगाची, सुरकुतलेली साय धरते. तापवून गार केलेल्या दुधावरची साय डोळ्यांसमोर आणली तर दृश्य बरेचसे कळेल, फक्त ही साय जिवंत असते. स्पेनमधल्या शेरी या वाइनवरही अशीच साय येते, पण तिथे वाइनमध्ये वरून मद्यार्क मिसळून अल्कोहोलचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर नेलेले असते. व्हँ जोनमध्ये असे काही मिसळत नाहीत. शेरीवरच्या यीस्टचा जनुकीय अभ्यास झाला तेव्हा फ्लो-११ जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागातून डीएनएची १११ अक्षरे गळालेली आढळली. तेवढ्या गळतीमुळे जनुकावरचा लगाम सुटतो आणि प्रथिन भरपूर बनते.

आता सायीच्या आत काय चालते ते पाहू. पेशी अल्कोहोल आत घेते, एका विकराच्या साहाय्याने त्याचे ॲसिटाल्डिहाइड करते, त्यापासून ॲसिटेट आणि मग ॲसिटिल कोएन्झाइम-ए बनवते आणि ते श्वसनचक्रात ढकलून त्यातून ऊर्जा मिळवते. शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. या साखळीतले सगळेच ॲसिटाल्डिहाइड पुढे जात नाही. बराच भाग पेशीबाहेर झिरपतो आणि खालच्या वाइनमध्ये साचत जातो. मात्र या श्वसनासाठी साय वरून येणारा ऑक्सिजन इतक्या हावरेपणाने शोषते की खालच्या वाइनपर्यंत तो जवळपास पोहोचतच नाही. म्हणूनच सहा वर्षे ‘हवेत’ राहूनही व्हँ जोन तपकिरी न पडता सोनेरी राहते. जिला सारे जग ऑक्सिडीकृत वाइन म्हणते, तिला प्रत्यक्षात ऑक्सिजनचा स्पर्शही फारसा झालेला नसतो. तिचे ऑक्सिडीकरण हवेने नव्हे, सायीने केलेले असते. माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयाचे मर्म एवढेच आहे.

पुढचा टप्पा सावकाश चालतो. साचलेले ॲसिटाल्डिहाइड अल्फा-कीटोब्युटिरिक आम्लाशी जोडले जाते, त्या रेणूचे कडे बंद होते आणि सोटोलॉन नावाचे संयुग तयार होते. हे आम्ल थ्रिओनिन या अमिनो आम्लापासून येते आणि सायीतल्या मरून तळाशी पडलेल्या पेशी त्याचा पुरवठा करतात. सोटोलॉनचा वास जाणवायला लीटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास मात्राही पुरते. हा वास मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण मेथीदाण्याचा खास वास याच संयुगाचा आहे. मेतकुटासाठी मेथ्या भाजताना स्वयंपाकघरभर पसरणारा, गोडसर आणि कडवट यांच्या सीमेवरचा जो दरवळ असतो, तोच आक्रोडाच्या वासात मिसळून या वाइनच्या पेल्यातून येतो. बाळंतिणीला मेथीचे लाडू दिले की तिच्या घामालाही तो वास येतो, तेही सोटोलॉनमुळेच.

सगळी पिंपे मात्र तरत नाहीत. साय विरळ झाली की ॲसिटोबॅक्टर जीवाणू शिरकाव करून स्वतःची साय धरतात आणि अल्कोहोलचे व्हिनेगर होते. या दोन सायींमधला फरक लुई पाश्चर यांनी अभ्यासला होता. ते लहानाचे मोठे झाले ते झ्युरामधल्याच आर्ब्वा गावात. वाइनच्या ‘आजारां’वरचे त्यांचे पुस्तक १८६६ साली प्रसिद्ध झाले. वेलींना फुलोरा येतो तेव्हा तळघरातली वाइनही त्यांच्या ओढीने हलते, अशी जुनी समजूत युरोपातल्या द्राक्षबागायतदारांत होती. वेल आणि पिंप यांच्यात असले कोणतेही गूढ नाते नाही. ऋतू बदलला की तळघराचे तापमान बदलते आणि यीस्टची वाढ त्यानुसार कमी-जास्त होते. झ्युरात म्हणूनच यासाठी हवेशीर, ऋतूनुसार गार-गरम होणारी तळघरे मुद्दाम निवडतात. आणि समजुतींचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की ‘रोज एक पेला वाइन हृदयाला चांगली’ हा प्रचारही आता सोडून द्यायला हवा. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. मी इथे चवीबद्दल आणि रसायनशास्त्राबद्दल लिहितो आहे, प्रकृतीबद्दल नाही.

ही वाइन नुसती पिण्याची नव्हे, जेवणाची आहे. पहिला घोट बहुतेकांना खटकतो, कारण ती अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आंबट आणि उग्र असते. तिच्यासोबत त्याच प्रदेशातले कोंते हे गाईच्या दुधाचे, दीड-दोन वर्षे मुरवलेले चीज खाल्ले की चित्र पालटते. मुरताना चीजमधली प्रथिने तुटून ग्लुटामेट मोकळे होते. त्याची भरदार चव, मीठ आणि स्निग्धता मिळून वाइनच्या आंबटपणाची धार बोथट करतात आणि आक्रोड-मेथीचा वास पुढे येतो. तिथला दुसरा मानाचा पदार्थ म्हणजे कोंबडी, दुधाची साय आणि मोरेल, म्हणजे आपल्याकडे हिमालयातून येणारी गुच्छी, यांचा रस्सा, ज्यात हीच वाइन ओततात. ॲसिटाल्डिहाइड २० अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे ते पातेल्यातून लगेच उडून जाते. सोटोलॉन सहज उडत नाही, ते रश्श्यात राहते.

मेथीचा धागा पकडून ही वाइन कोल्हापुरी तांबड्या रश्श्यासोबत घेण्याचा मोह कुणालाही होईल, पण तो टाळावा. मिरचीतले कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या उष्णता-ग्राहकाला चेतवते, त्यालाच अल्कोहोल अधिक संवेदनशील करते, त्यामुळे तिखट दुप्पट झोंबते आणि वाइनचा वास हरवतो. दही किंवा नारळाच्या दुधातला, हळद-मेथीचा, मिरची जेमतेम असलेला पदार्थ मला तिच्याजवळचा वाटतो. ती फार थंड करू नये. १४-१५ अंशांना ती खुलते, त्याखाली वास मिटून जातो. उघडलेली बाटली आठवड्यांनंतरही चांगली लागते, कारण साधी वाइन हवेत जे गमावते, त्याची सवय हिने पिंपातच करून घेतलेली असते. २०१८ साली झ्युरामधल्याच एका लिलावात १७७४ सालच्या द्राक्षांच्या व्हँ जोनची बाटली १,०३,७०० युरोंना विकली गेली.